लेणी कुणी कोरली?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच देहूरोडजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर काय आहे, असं विचारा. पोरं म्हणतील, महादेवाचं देऊळ. मग ती लेणी कुणी कोरली? तर पांडवांनी, एका रात्रीत! आम्हीही लहानपणी हेच ऐकलं आणि खरं मानलं.

बांधवांनो, दगडावरचं लिहिलेलं तसंच असतं, वाचणारा मात्र पाहिजे. ब्राह्मी लिपी आपल्या देशात कुणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली आणि सम्राट अशोकाचे लेख पुन्हा बोलू लागले. मग आपल्या मावळातली लेणीही बोलली. घोरावडेश्वराच्याच डोंगरात, ज्याला शेलारवाडीची लेणी म्हणतात, तिथं धेनुकाकट गावच्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं लेणं दान दिल्याचा लेख आहे.

कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब. त्यात वैजयंतीच्या भूतपाल शेठचं नाव आहे, खांब दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे परदेशी माणसांची नावं आहेत. आणि दाराचं काम करणारा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, त्याचंही नाव आहे. आम्ही जन्मभर यंत्रापुढं उभं राहून माल काढला. एकाही नगावर आमचं नाव नाही. त्या सुताराचं नाव मात्र दोन हजार वर्षं दगडावर आहे. पांडवांच्या गोष्टीनं पुसलं ते हेच नाव. नुसता बुद्ध झाकला गेला नाही, कष्टकऱ्याचे हातही झाकले गेले.

भोळ्या माणसानं अशी गोष्ट सांगितली तर ते अज्ञान. सत्तेनं सांगितली तर ते राजकारण. जर्मनीत हिटलरच्या राजवटीत हिमलरनं १९३५ साली खास संस्था काढली. आर्य वंश सर्वांत श्रेष्ठ, हे जमिनीतून उकरून दाखवायचं, हे तिचं काम. उत्तर आधी ठरलं, खोदकाम नंतर. त्याच वंशश्रेष्ठत्वाच्या नावानं साठ लाख ज्यू मारले गेले.

आपल्याकडं तामिळनाडूत कीळडीचं उत्खनन बघा. तिथं जुनी नागर वस्ती सापडली. काम सुरू करणारे पुरातत्त्व अधिकारी अमरनाथ रामकृष्ण यांची २०१७ साली आसामला बदली झाली. त्यांनी २०२३ साली दिलेला अहवाल २०२५ साली दुरुस्तीसाठी परत आला. खातं म्हणतं, कारणं शास्त्रीय आहेत; तामिळनाडू सरकार म्हणतं, हे राजकारण आहे. वाद पुराव्यावर व्हावा, बदलीवर नव्हे, एवढंच आमचं म्हणणं.

आता एक कडू गोष्ट. आपल्यातली काही तरुण मंडळी हल्ली दिसेल त्या देवळाला "हे बुद्धविहारच होतं" म्हणतात. पुरावा विचारला की चिडतात. अरे, मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी एकवीरा देवीचं देऊळ आहे. आपले कोळी-आगरी शेजारी तिथं श्रद्धेनं जातात. त्यांच्याशी भांडण काढायचं नाही. लेख काय सांगतो तेवढं वाचून दाखवायचं. वंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि पहा, असा त्याचा अर्थ. पाहिल्याशिवाय मान, असं तथागतांनी सांगितलेलं नाही.

म्हणून विहार समितीला आमची विनंती आहे. रविवारच्या धम्मवर्गात पोरांना ब्राह्मीची मुळाक्षरं शिकवा. वर्षातून एकदा त्यांना घोरावडेश्वरला आणि कार्ल्याला न्या. भिंतीवर खडूनं नावं लिहू देऊ नका, लेखाला हात लावू देऊ नका. फक्त त्या सुताराच्या नावापुढं उभं करा आणि म्हणा, वाच.

ज्या दिवशी आपलं पोरगं ते नाव स्वतः वाचेल, त्या दिवशी त्याला कुणी फसवू शकणार नाही. आपणसुद्धा नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!