खेळाचा खर्च कोणत्या खात्यात?

(रुग्णालयाच्या सभागृहात भरलेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात प्रशासन विभागातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात संधिवात, मधुमेह आणि मोतीबिंदू या विषयांवर तज्ज्ञ डॉक्टरांची व्याख्याने झाली. त्यानंतर वाणिज्य शाखेच्या एका पदवीधराने उभे राहून व्हिडिओ गेमविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. या विषयाशी आमची गाठ पडली ती हिशेबाच्या वहीतून, तेव्हा प्रारंभही तेथूनच करतो.

आमच्या फिजिओथेरपी विभागाशेजारी अडगळीची एक खोली होती. ती रिकामी करून तेथे एक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आला आणि एका हितचिंतकांनी परदेशातील मुलाकडचे, वापरून झालेले निन्टेंडो कंपनीचे 'वी' नावाचे यंत्र भेट दिले. हे यंत्र २००६ साली बाजारात आले. त्याची खुबी अशी, की बटणे दाबत बसावे लागत नाही. हातातील छोटी दांडी चेंडू टाकल्यासारखी हलविली, की पडद्यावर चेंडू सुटतो आणि समोरचे खुंट पाडतो. यंत्र फुकट मिळाले. रुग्णालयाने विकत घेतले ते न घसरणारी रबरी चटई, भिंतीलगत आधाराची दांडी आणि हाताच्या चार खुर्च्या. वर्षअखेरीस या खरेदीपुढे लेखापरीक्षकांनी शेरा मारला : 'सदर खर्च कोणत्या शीर्षाखाली? उपचार की करमणूक?'

प्रश्न एका ओळीचा होता. उत्तर द्यायला आम्हांला जवळजवळ तीन महिने लागले.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. उपचार म्हटले, की त्याचे शुल्क ठरते आणि ते रुग्णाच्या देयकात चढते. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते आणि ती निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांच्या उपचारांवरच खर्च करता येते. खेळ हा उपचार ठरला, तर त्याचा भार त्या निधीवर टाकण्याची वाट उघडते. करमणूक ठरला, तर तो सर्वसाधारण देणग्यांतून भागवावा लागतो आणि देणगीदार उद्या विचारू शकतात, की आम्ही औषधासाठी दिलेले पैसे तुम्ही चेंडूफळीवर का उधळले?

आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंचे मत प्रथम 'उपचार' असेच होते आणि त्याला कारण होते. राज्य परिवहन मंडळातून निवृत्त झालेले एक चालक काका पक्षाघातानंतर आमच्याकडे येत असत. डावा हात खांद्यापर्यंत वीस वेळा उचलायचा, असा त्यांचा व्यायाम. सातव्या-आठव्या वेळेला ते हात खाली सोडीत आणि खिडकीबाहेर पाहत बसत. याच काकांना खुर्चीत बसवून खुंट पाडायला दिले, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरील बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका आजींपेक्षा आपले गुण कमी भरतात, हे त्यांना सहन होईना. ते हात उचलीतच राहिले. मोजणी ताई करीत होत्या. काकांचे तिकडे लक्षही नव्हते.

आठवड्याभराने त्यांचे चिरंजीव आमच्या कार्यालयात आले. अतिशय सभ्य गृहस्थ. म्हणाले, "साहेब, बाबांनी सत्तरी ओलांडली आहे. गावाकडची माणसे भेटायला येतात आणि बाबा टीव्हीसमोर पोरासारखे हात हलवीत बसलेले पाहतात. बरे दिसत नाही." आम्ही त्यांना काही समजावणार, तोच ताईंनी सांगितले, की काकांनी स्वतःच पहिल्या दिवसापासून 'दार तेवढे लोटून घ्या' असे सांगून ठेवले आहे. नंतर आम्ही दाराला पडदा लावला. त्याचे बिल मात्र कोणत्या खात्यात घालावे, हे कोणी विचारले नाही.

ही लाज आम्हांला परकी नाही. नव्वदीच्या दशकात आम्ही हिशेब विभागात रुजू झालो, तेव्हा संगणकावर पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ असे. १९९० च्या विंडोजपासून तो त्या प्रणालीसोबतच येई. माऊस कसा धरावा, चित्र उचलून दुसरीकडे कसे ठेवावे, हे आम्हांला कोणत्याही प्रशिक्षणवर्गाने नव्हे, त्या खेळाने शिकविले. वरिष्ठांची चाहूल लागली, की ताळेबंद पडद्यावर येई. आज वरिष्ठ कोणी उरले नाहीत, तरी रात्री भ्रमणध्वनीवर विटा रचण्याचा खेळ खेळताना दार वाजले, की आमचा अंगठा आपोआप तो बंद करतो. अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत तयार केलेल्या टेट्रिसचाच हा अवतार. जत्रेत मिळणाऱ्या ब्रिक गेममुळे तो आपल्याकडे घरोघरी पोहोचला. पूर्वी ज्या वेगाला आम्ही सहज टिकत असू, त्या वेगाला आता विटा छताला लागतात. भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही विचार फार करता." विचार तितकाच करतो; तो बोटापर्यंत उशिरा पोहोचतो, इतकेच.

याचेही मोजमाप झालेले आहे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी 'स्टारक्राफ्ट २' हा युद्धाचा खेळ खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांच्या खेळाच्या नोंदी तपासल्या. समोर काही नवे दिसल्यापासून हात चालेपर्यंतचा वेळ वयाच्या चोविसाव्या वर्षापासूनच वाढू लागतो, असे त्यांना आढळले. हा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चोविसाव्या वर्षी, बंधुभगिनींनो! आपल्यापैकी अनेकांचे तोवर लग्नही झाले नव्हते. पण त्याच अभ्यासात असेही दिसले, की वयाने मोठे खेळाडू सोप्या चाली आणि खेळातील सोयी वापरून ही उणीव बरीचशी भरून काढतात. जुना कारकून बेरजेला वेळ लावतो, पण कोणती बेरीज करायचीच नाही, हे त्याला ठाऊक असते, तसाच हा प्रकार.

जपानमधील हमाको मोरी या आजींचा जन्म १९३० चा. व्हिडिओ गेम त्यांनी १९८१ मध्ये, म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर हाती घेतले आणि २०२० मध्ये, नव्वदाव्या वर्षी, खेळाची चित्रणे यूट्यूबवर देणारी सर्वांत वयस्क व्यक्ती म्हणून गिनीजने त्यांची नोंद केली. त्यांनी दाराला पडदा लावला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. खेळाची खोली सुरू झाल्याचे ऐकून एका उदार गृहस्थांनी संगणकांसह सुसज्ज दालन देऊ केले. अट एकच : प्रवेशद्वारावर 'स्मृतिभ्रंश प्रतिबंध केंद्र' असा फलक हवा. रक्कम मोठी होती. आम्ही आमच्या डॉक्टरांना विचारले आणि त्यांनी जे वाचायला दिले, ते आमच्या कुवतीप्रमाणे वाचले.

बाजू अगदीच लंगडी नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात कॅलिफोर्नियातील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ६० ते ८५ वयाच्या व्यक्तींना मोटार चालविता चालविता चिन्हे ओळखण्याचा, खास तयार केलेला खेळ महिनाभर दिला. एकाच वेळी दोन कामे सांभाळण्यात ते त्या खेळाचा सराव नसलेल्या विशीतील तरुणांच्याही पुढे गेले आणि सुधारणा सहा महिने टिकली. मात्र प्रयोगातील माणसे थोडी होती. याहून मोठा अभ्यास अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झाला, त्यात ६५ वर्षांवरील २,८०२ जण होते. काहींना स्मरणाचे, काहींना तर्काचे, काहींना संगणकावर झटपट पाहून ओळखण्याचे शिक्षण दिले आणि एका गटाला काहीच दिले नाही. दहा वर्षांनंतरचा हिशेब २०१७ मध्ये आला : झटपट ओळखण्याच्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे २९ टक्के कमी आढळला; स्मरण आणि तर्काच्या गटांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे एका विशिष्ट सरावाबाबत आशेला जागा आहे. पण म्हणून दुकानात मिळणारा कोणताही खेळ विस्मरण रोखतो, असे त्यातून निघत नाही. तसे भासवून विक्री करणाऱ्या 'ल्युमोसिटी'च्या चालकांना जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले.

विश्वस्तांच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "फलकाने कोणाचे काय बिघडते? खोली तर मिळेल." प्रश्न रास्त होता आणि आम्ही त्या रात्री नीट झोपलो नाही, हे कबूल करतो. परंतु धर्मादाय रुग्णालयाच्या दारावरची पाटी लोक जाहिरात म्हणून वाचीत नाहीत. डॉक्टरांचे म्हणणे म्हणून वाचतात. एखाद्या आजींनी ती वाचून रक्तदाबाच्या गोळ्यांकडे दुर्लक्ष केले, किंवा आईला विसर पडू लागला म्हणून मुलाने तपासणी लांबवून तिला खेळाला बसविले, तर त्याचा जाब आम्ही कोणत्या खात्यातून देणार होतो? फलक नाकारला. देणगी परत गेली. अहवालातील देणग्यांच्या यादीत ती शोधू नये.

राहिला काकांचा हात. त्याबाबत सर्वांत उद्बोधक माहिती २०१६ च्या एका चाचणीत मिळाली. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड येथील पक्षाघाताच्या १४१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या व्यायामाबरोबर हेच 'वी' यंत्र दिले, तर निम्म्यांना पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळे, चेंडू असले साधे खेळ. हात दोन्ही गटांचे सुधारले. दोहोंत फरक पडला नाही. २०१७ मध्ये कोक्रेन संस्थेने अशा ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. नेहमीच्या उपचाराऐवजी हे खेळ दिल्यास हाताला अधिक लाभ होत नाही. पण उपचाराच्या जोडीला दिल्यास व्यायामाचा एकूण वेळ वाढतो आणि त्याचा उपयोग होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष.

हे वाचण्याआधी आम्ही ते पाहिले होते, पण ध्यानात आले नव्हते. एकदा दांडीतले सेल संपले आणि भांडारपालांकडे नवे नव्हते. दोन दिवस यंत्र बंद. त्या खोलीत काका, बालवाडीच्या आजी आणि आणखी दोघे मेंढीकोट खेळत बसले. काका पाने डाव्या हातात धरीत होते. ती पडत, ते उचलीत, पुन्हा धरीत. ताईंनी ते दुरून पाहिले आणि आम्हांला येऊन सांगितले, की आपला शब्द मागे घेते.

तेव्हा लेखापरीक्षकांना आम्ही लेखी उत्तर दिले : खर्च 'रुग्णकल्याण व करमणूक' या शीर्षाखाली धरावा. रुग्णाच्या देयकात त्याचा एक पैसाही नाही, निर्धन रुग्ण निधीला त्याची झळ नाही. व्यायाम फिजिओथेरपी विभागातच होईल आणि तो ज्यांचा संपला, त्यांनीच खेळायला यायचे. यंत्र घरी घेण्याचा सल्ला आमच्याकडून कोणालाही दिला जाणार नाही. ज्यांना हौस आहे, त्यांनी हौस म्हणून घ्यावे.

काही पथ्ये मात्र सांगतो. तोल जाणाऱ्यांनी बसूनच खेळावे. २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने एकोणतीस वर्षांच्या एका धडधाकट निवासी डॉक्टराची हकिकत छापली होती. तासन् तास 'वी'वर टेनिस खेळून त्याचा खांदा धरला होता. त्या दुखण्याला गमतीने 'वीआयटिस' असे नावही मिळाले. तो तिशीच्या आतला होता, आपण नाही. आणि पैसे लावण्याचा खेळ हा आमच्या व्याख्येत खेळ नव्हे. आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी फोनवरच्या रमीत निवृत्तिवेतनाचे कित्येक हप्ते घालविले आणि घरी सांगितले नाही. आम्हांला कळले ते शस्त्रक्रियेची अनामत भरताना. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. कायदा कायद्याचे काम करील. पण घरात आजोबा फोन घेऊन गप्प गप्प बसत असतील, तर सुनेने रागावण्याआधी शेजारी बसून काय खेळता, हे विचारावे.

काका आता महिन्यातून एकदा येतात. हात कानापर्यंत जातो. त्याचे श्रेय ताई यंत्राला देत नाहीत आणि स्वतःकडेही फारसे घेत नाहीत. गेल्या खेपेस त्यांचे चिरंजीव बरोबर होते. दोघे खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पडदा काकांनीच बाजूला सारून ठेवला होता.

खोली सोमवार ते शनिवार सकाळी अकरा ते एक या वेळेत उघडी असते. दांडीचे सेल आणि पत्त्यांचे दोन नवे जोड भांडारात आले आहेत. कॅरमचा पट एका सभासदांनी कबूल केला आहे. तो मिळाल्यावर सूचनाफलकावर लिहिण्यात येईल.