अकराला उठणारी मुलगी

मी मूळची वसईची. शिकले मराठी शाळेत, पुढे सिस्टर झाले आणि आमच्या संघाने मला आफ्रिकेत टांझानियाला पाठवलं. काम होतं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्याचं. आज तिथली एक गोष्ट सांगते. त्यात चूक माझीच आहे.

आमचं गाव डोडोमाच्या बाजूला. पाऊस कमी, लाल माती, शेतात ज्वारी, बाजरी, भुईमूग. बघून वाटलं, आपल्या माणदेशातच आले की काय! भाषा स्वाहिली. तिच्यात ओळखीचे शब्द भेटायचे. दुकानाला दुका, हिशोबाला हेसाबू, साखरेला सुकारी, पैशाला पेसा. चहा तर चाईच. जुन्या काळापासून समुद्रावरून व्यापार चालला, त्यातून हे शब्द इकडेतिकडे गेले.

तिथं तेव्हा मुलं सात वर्षं प्राथमिक शाळा स्वाहिलीत शिकायची. माध्यमिकला गेली की एकदम जवळजवळ सगळे विषय इंग्रजीत. गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत. काल वर्गात पहिली येणारी मुलगी आज तोंड उघडत नाही. तेव्हा माध्यमिकला फी भरावी लागायची. मुलगी नापास झाली की घरचे म्हणत, पैसे कशाला घालवायचे? म्हणजे इंग्रजी अडलं की मुलीचं शिक्षणच अडायचं.

मला जाऊन महिना झाला होता. मी वर्गाला सांगितलं, तुमचा दिवस कसा जातो ते इंग्रजीत लिहा. एका मुलीनं लिहिलं, मी अकरा वाजता उठते, पाणी आणते आणि एक वाजता शाळेत येते. मी सगळ्यांसमोर तिला उभं केलं. म्हटलं, अकरापर्यंत झोपतेस? शाळा साडेसातला भरते आणि तू एकला येतेस? वर खोटंही लिहितेस? ती मान खाली घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी चॅपेलमध्ये प्रार्थना करत होते, देवा, तिला परत आण. चौथ्या दिवशी तिथल्याच एका शिक्षिकेला वही दाखवली. ती हसायलाच लागली. म्हणाली, सिस्टर, आमचं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. इथं वर्षभर साधारण सहाला उजाडतं. त्यानंतरचा पहिला तास म्हणजे एक. तुमचे सात, ते आमचे एक. तुमचे पहाटेचे पाच, ते आमचे अकरा.

माझ्या पोटात धस्स झालं. आपल्याकडेही जुनी माणसं दिवस उगवल्यापासूनच प्रहर मोजायची. ती पोर पहाटे पाचला उठून पाणी भरत होती आणि सातला शाळेत हजर होत होती. तिचं इंग्रजी बरोबर होतं. मीच तिची भाषा शिकले नव्हते.

त्या दिवशी मला कळलं, देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे हात जोडून वाट बघत बसायचं नाही. प्रार्थना झाली की पायात चपला घालायच्या. मी तिच्या घरी गेले. दारात आजी ज्वारी पाखडत होती. तिकडे वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणून नमस्कार करतात. मी केला. आजी ‘मराहाबा’ म्हणाली आणि बसायला स्टूल दिलं. मी त्या मुलीला म्हटलं, ‘नीसामेहे’, मला माफ कर. शिक्षिकेनं माफी मागितलेली आजीनं कधी पाहिली नसावी. ती उठून आत गेली आणि उगाली घेऊन आली. उगाली म्हणजे पिठाचा घट्ट गोळा, भाजीबरोबर खातात. आम्ही एकाच ताटातून जेवलो.

मुलगी सोमवारी आली. मी फळ्यावर दोन घड्याळं काढली, एक त्यांचं, एक इंग्रजीचं. सगळा वर्ग हसला आणि बोलायलाही लागला. पुढे मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडून स्वाहिली शिकायचे आणि सकाळी त्यांना इंग्रजी शिकवायचे. ‘ही’ आणि ‘शी’ मध्ये ती का चुकतात, तेही मग समजलं. स्वाहिलीत तो आणि ती दोघांना एकच शब्द आहे, येये!

लोक मला विचारतात, सिस्टर, परदेशात जाऊन तुम्ही काय दिलंत? खरं सांगू? देण्याच्या तोऱ्यात गेले होते. पहिल्यांदा पदरात घेतली ती माफी.

मैत्रिणींनो, तुमचीही मुलं मराठीतून सेमी-इंग्रजीत जातात, पुढे कॉलेजात अडखळतात. त्यांना मठ्ठ म्हणू नका. आधी विचारा, बाळा, तुला काय म्हणायचं होतं? आपल्या भाषेत सांग. आणि गुरुजींनी, बाईंनी रागावलं म्हणून मुलगी घरी बसली असेल, तर वही घेऊन शाळेत जा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी जा. तुमच्या मुलीचं घड्याळ तुम्हालाच ठाऊक आहे.