सांधे सुजण्यापूर्वी रक्त काय सांगते?

सकाळी उठल्यावर एखाद्या गृहिणीच्या हाताची बोटे आखडलेली असतात. भाकरी थापता येत नाही, वेणी घालता येत नाही. तासाभराने हात सैल होतात आणि घरातील मंडळी म्हणतात, “वात आहे, जाईल आपोआप.” या समजुतीतच उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात.

आमवात, म्हणजेच ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस, हा केवळ उतारवयातील रोग नव्हे. तो ऐन उमेदीतही जडतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. उपचार लांबल्यास हाडे झिजतात, बोटे वाकडी होतात आणि हे व्यंग कायमचे राहते. म्हणूनच या रोगाची चाहूल लवकर लागणे अगत्याचे आहे.

१९४० साली नॉर्वेतील एरिक वालर यांनी रुग्णांच्या रक्तातील एका विशिष्ट घटकाचे वर्णन केले. तोच पुढे ऱ्हुमेटॉइड फॅक्टर म्हणून ओळखला जाऊ लागला. मात्र क्षय, कुष्ठरोग अशा विकारांत आणि काही निरोगी वृद्धांतही तो आढळतो. १९९८ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी अधिक नेमकी खूण पुढे आणली. प्रथिनांतील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर झाले की काही व्यक्तींचे शरीर त्या प्रथिनांना परके मानून प्रतिपिंडे निर्माण करते. अँटी-सीसीपी ही चाचणी ती प्रतिपिंडे शोधते.

ही प्रतिपिंडे रोगाच्या किती आधी येतात? अ‍ॅमस्टरडॅम येथे आमवात जडलेल्या ७९ रक्तदात्यांचे, ते निरोगी असताना साठविलेले रक्ताचे नमुने तपासण्यात आले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३९ जणांच्या रक्तात लक्षणांपूर्वीच यांपैकी किमान एक खूण होती. ती दिसू लागल्यापासून लक्षणे उद्भवेपर्यंतचा मध्यम काळ साडेचार वर्षांचा होता.

तथापि याच आकड्यांत सावधगिरीची सूचनाही आहे. उरलेल्या ४० जणांच्या आधीच्या नमुन्यांत कोणतीच खूण नव्हती. उलट, खूण असूनही अनेकांना हा रोग कधीच होत नाही. त्यामुळे सरसकट साऱ्या गावाची रक्ततपासणी करणे इष्ट नव्हे. ब्रिटन व नेदरलँड्समधील, रोगाचा धोका असलेल्या २१३ व्यक्तींवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभर अ‍ॅबाटासेप्ट हे औषध दिल्याने रोग लांबला. परंतु औषध थांबविल्यावर हा लाभ हळूहळू ओसरला.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या घरोघरच्या पाहणीत सुमारे अर्धा टक्का प्रौढांना आमवात असल्याचे आढळले. या प्रमाणाने दोन हजार प्रौढांच्या गावात दहा रुग्ण असू शकतात. त्यांना वेळीच ओळखण्याच्या कामी शिक्षक व पंचायत सदस्य मोठे साहाय्य करू शकतात. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, बोटांचे किंवा मनगटाचे सांधे सुजत असतील आणि ही तक्रार काही आठवडे राहिली असेल, तर अशा व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. जवळच्या नातलगास हा रोग असल्यास विशेष दक्षता घ्यावी. धूम्रपानाने धोका वाढतो, हेही ग्रामसभेत आवर्जून सांगावे. रक्ताचा अहवाल डॉक्टरांनी सांधे तपासून मगच अर्थ लावण्याचा आहे; केवळ त्याच्या आधारे कोणास रोगी ठरवू नये, की निर्धास्तही करू नये.