स्लॅलम : झेंड्यांमधून वाट काढताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला बोलायला का उभं केलंय हे तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मी गुलमर्गला जाऊन आलो आणि ग्रुपवर इतके फोटो टाकले, की कंटाळून कुणीतरी लिहिलं, "आता मेळाव्यात स्कीइंगवर भाषणच दे." गंमत म्हणून लिहिलेलं संयोजकांनी खरं धरलं. आपण वसईची माणसं. आपल्याला बर्फ माहीत आहे तो पाचूबंदरला मासळीच्या पेट्यांत घालतात तेवढाच. मी स्वतः त्या लाकडी पट्ट्या पायाला लावून जेमतेम दहा पावलं सरकलो आणि बसलो. बसलो म्हणजे पडलो. त्यानंतर दोन दिवस उताराच्या खाली उभा राहून, चहा पीत, दुसऱ्यांचं बघत राहिलो.

तिथे मी पहिल्यांदा स्लॅलम नीट पाहिलं. शब्द मूळ नॉर्वेजियन. अर्थ साधाच, उतारावरची वाट. उतारावर लाल-निळ्या काठ्यांच्या जोड्या रोवलेल्या असतात. खेळाडूने वरून निघायचं आणि प्रत्येक जोडीच्या मधून वळत खाली यायचं. दोन फेऱ्या, दोन्ही वेळा काठ्यांची मांडणी वेगळी, आणि दोन्ही वेळांची बेरीज करून निकाल. एक जोडी जरी चुकली तरी बाद. म्हणजे नुसता वेग उपयोगाचा नाही. कुठे रोखायचं, कुठे सोडायचं, हे पायाला कळावं लागतं. गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्ग आहे, तिथला आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता. आख्ख्या देशातून एक. जायंट स्लॅलममध्ये तो 45 वा आला, आणि तीन दिवसांनी स्लॅलमच्या पहिल्याच फेरीत बाद झाला. तिथल्या स्की शिकवणाऱ्या पोरांना मी हे विचारलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर कमीपणा नव्हता. ती म्हणाली, "तो तिथपर्यंत गेला ना!"

परत आल्यावर स्लॅलमबद्दल वाचत बसलो. माझा व्यवसाय फिजिओथेरपीचा, त्यामुळे वाचता वाचता गाडी गुडघे, खांदे आणि पाठीचा कणा याच स्टेशनांवर थांबते. तर वाचताना कळलं, की बर्फाशिवायही स्लॅलम होतं. चाकाच्या खुर्चीवरचं. आणि त्याच्या अंतिम फेरीत 1972 साली आपला एक मराठी माणूस होता. तिथून माझं भाषण गुलमर्गहून सांगली जिल्ह्यात गेलं. संयोजकांनी माफ करावं.

मुरलीकांत पेटकर. पेठ इस्लामपूरचे, जन्म 1 नोव्हेंबर 1944. तुमच्यातल्या निम्म्यांनी 2024 साली 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा पाहिला असेल, तो त्यांच्यावरच. सिनेमा बाजूला ठेवू. लहान वयात सैन्यात गेले, ईएमई कोअरमध्ये. तिथे बॉक्सिंग शिकले, आणि चांगले शिकले. 1964 साली टोकियोला सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध. सियालकोट आघाडीवर त्यांच्या तळावर विमानांतून हल्ला झाला, अंगात गोळ्या घुसल्या आणि एक गोळी मणक्यात राहिली ती राहिलीच. दीर्घकाळ बेशुद्धी, मग मुंबईत कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय. कमरेखालचं शरीर गेलं.

इथे मी माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो. कणा दुखावलेल्या माणसाला पाण्यात उतरवतात ते मनोरंजनासाठी नाही. पाणी वजन उचलून घेतं. जमिनीवर जे पाय ओझं असतात, ते पाण्यात नुसते मागून येतात. हात, खांदे, छाती यांना काम मिळतं, श्वास वाढतो. युद्धात जखमी झालेल्यांना खेळायला लावायचं ही कल्पना इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमान यांनी रुजवली. 1948 साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच त्यांनी खुर्चीवरच्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक आलं. पेटकरही उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि स्पर्धक होऊन बाहेर आले.

1968 साली ते तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिस खेळले. 1972 चं पॅरालिंपिक जर्मनीत हायडेलबर्गला होतं. क्रिकेटचे विजय मर्चंट अपंगांसाठी काम करत, त्यांची मदत झाली म्हणून जाणं जमलं. तिथे 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी 37.33 सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं, विश्वविक्रमासह. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. अभिनव बिंद्राच्या सुवर्णाच्या छत्तीस वर्षं आधीचं. आणि त्याच स्पर्धेत भालाफेक, अचूक भालाफेक आणि स्लॅलम या तिन्ही प्रकारांत ते अंतिम फेरीपर्यंत गेले.

सगळे पोहण्याबद्दल बोलतात, मला त्या स्लॅलमचं कुतूहल आहे. मैदानात झेंडे आणि अडथळे मांडलेले, त्यातून खुर्ची वळवत न्यायची, घड्याळ चालू. तेव्हाच्या खुर्च्या आजच्यासारख्या हलक्या नव्हत्या. वळायचं कसं? एका हाताने एक चाक आवळून धरायचं, दुसऱ्या हाताने दुसरं ढकलायचं. आवळणारा हात जास्त आवळला गेला तर खुर्ची गरकन फिरते, कमी आवळला तर झेंडा पडतो. पुढची छोटी चाकं चुकीच्या दिशेला अडकली की सगळी ताकद वाया. तळहात सोलून निघतात. गुलमर्गच्या उतारावर मी जे बघत होतो तेच हे, फक्त उताराची मदत नाही. प्रत्येक इंच स्वतःच्या खांद्याने विकत घ्यायचा.

परत आल्यावर पुण्यात टेल्कोत नोकरी. 1982 साली अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. अर्जुन पुरस्कार जीवनगौरव म्हणून मिळाला जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. मी आकडेच सांगतो, बाकी तुम्ही समजून घ्या.

आता आपल्याकडे येतो. आपण दहावीला होतो तेव्हा त्या सुवर्णपदकाला तेरा वर्षं झाली होती. आपल्यापैकी कुणाला ठाऊक होतं? मला नव्हतं. आणि ठाऊक असायला हवं होतं, कारण आपल्या वर्गात एक मुलगा होता, दोन्ही पायांना पोलिओ, कॅलिपर आणि कुबड्या. नाव घेत नाही. तो दुसऱ्या रांगेच्या कडेला बसलाय आणि आत्ताच माझ्याकडे भुवया चढवून बघतोय. त्याला विचारूनच बोलतोय. "बोल, पण रडू नकोस," एवढीच त्याची अट आहे.

मी खो-खोचा कप्तान. पी.टी.च्या तासाला आम्ही त्याला चिंचेखाली बसवायचो आणि चपला, घड्याळं, पाण्याच्या बाटल्या त्याच्या ताब्यात द्यायचो. आम्हाला वाटायचं, आम्ही त्याला सामील करून घेतोय. चार वर्षं त्याने आमच्या चपला सांभाळल्या.

आणि मे महिन्यात? मे महिन्यात वाडीतल्या बावखलात हाच मुलगा आम्हा सगळ्यांच्या पुढे असायचा. आम्ही केळीचा खांब धरून पाय मारत असू, आणि तो काठावर कुबड्या ठेवून पाण्यात सरकला की तीन वेळा पलीकडे जाऊन यायचा. आम्ही त्याला "मगर" म्हणायचो. पण त्याच्या हातांत काय आहे, हे एकालाही सुचलं नाही. मला तर नाहीच. पाण्यात तो पहिला यायचा आणि जूनमध्ये शाळा उघडली की पुन्हा चिंचेखाली चपला. परवा मी त्याला फोनवर म्हणालो, "अरे, तुला तेव्हा पेटकरांबद्दल कुणी सांगितलं असतं तर?" तो म्हणाला, "मला पदक नको होतं रे. एकदा माझ्या चपला कुणीतरी सांभाळायला हव्या होत्या."

यावर मला काही बोलता आलं नाही. आताही येत नाही.

कुबड्यांवर चाळीस वर्षं काढली की खांदे झिजतात. मी हे रोज दवाखान्यात बघतो. त्याचेही झिजले, म्हणून गेली सहा वर्षं तो खुर्ची वापरतो. आज सकाळी तो या सभागृहात कसा आला ते तुम्ही पाहिलंत. आपण चौघांनी खुर्चीसकट उचलून आणला. फोटोही निघाले, छान आले असतील. पण त्याला उचललेलं आवडत नाही. कधीच आवडलं नाही. तो हसतो, कारण आपल्याला वाईट वाटू नये. वसई रोड स्टेशनापासून इथपर्यंत तो स्वतः येतो, आणि आपल्या शाळेच्या दारात येऊन सामान होतो.

आपल्या बॅचच्या निधीतून प्रवेशद्वारावर कमान उभारायचं ठरतंय. कमानीवर आपली नावं येणार, मलाही ती आवडली असती. पण मी काल संध्याकाळी टेप घेऊन इथे आलो होतो. सभागृहाला चार पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे दोन फूट उंची. खुर्ची स्वतः ढकलत चढायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. म्हणजे चोवीस फूट, वर वळायला जागा, दोन्ही बाजूंना कठडा. डावीकडे पाण्याच्या टाकीपर्यंत सव्वीस फूट मोकळी जागा मिळते. मधे एक जास्वंद येते, ती हलवावी लागेल. खाली स्वच्छतागृहाचं एक दार रुंद करावं लागेल, तिथेही मोजलंय.

मुख्याध्यापक सरांशी बोललो, त्यांची हरकत नाही. गवंडी आपल्याच बॅचचा आहे, तो मागे उभा आहे आणि मजुरी घेणार नाही म्हणतोय. माझ्या हिश्श्याचे कमानीचे पैसे मी इकडे वळवतोय. जेवणाच्या आधी कागद फिरेल, ज्यांना जमेल त्यांनी सही करावी. पहिली सही त्याची नको, त्याला या वेळी नुसतं बसू दे.