पहिला फोन बटणांचाच

मूल पाचवी-सहावीत गेलं, एकटं शिकवणीला जाऊ लागलं, की घरात फोनचा विषय निघतो. खरी गरज असते ती ‘पोचलो’ एवढं कळवण्याची. त्यासाठी बटणांचा साधा फोन पुरे, स्मार्टफोनची घाई नको, असं मला मनापासून वाटतं.

घेताना मात्र तो फोर-जी आहे ना, हे विचाराच. जिओचं टू-जी जाळंच नाही, त्यामुळे जुन्या धर्तीच्या फोनमध्ये त्यांचं सिम चालत नाही. शिवाय हल्ली काही साध्या फोनमध्येही व्हिडिओ आणि इंटरनेट असतं. त्यावर उपाय आहे: दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आदेशानंतर २०२५पासून फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्जही मिळतात. सिम अर्थातच पालकांच्या नावावर.

आणखी एक महत्त्वाचं. २०१७पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनवर ५ किंवा ९चं बटण दाबून धरलं की आणीबाणीचा कॉल लागावा, असा नियम आहे. कोणतं बटण, ते माहितीपत्रकात पाहा आणि मुलांना दाखवा. ११२ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक त्यांच्याकडून पाठ करून घ्या. आईबाबांचा नंबरसुद्धा, बॅटरी संपली तर दुसऱ्याच्या फोनवरून तोच लावायचा असतो.