बाहेरच्या जेवणाचा हिशेब
(सोलापूरच्या युवक मेळाव्यातलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. मॅट्रिकच्या पुढं शाळा नाही. कविता लिहितो म्हणून तुम्ही सोलापूरला बोलावलंत. पण आज कविता राहू द्या, पोटाचा हिशेब मांडू.

हल्ली लोक बाहेर फार खातात, अशी ओरड आहे. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ मध्ये सरकारनं देशभर घरखर्चाची पाहणी केली. शहरातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च निघाला ६,४५९ रुपये. त्यात धान्याला २३५. आणि चहा, बिस्किटाच्या पुड्यापासून हॉटेलातल्या थाळीपर्यंत सगळ्या तयार खाण्यापिण्याला ६८७. धान्याच्या जवळजवळ तिप्पट!

पण सरासरी काढणं म्हणजे मालक आणि हमाल एका काट्यावर तोलणं. त्याच पाहणीत शहरातल्या तळाच्या पाच टक्क्यांचा माणशी महिन्याचा खर्च आहे २,००१ रुपये. वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४. खालच्याच्या दोन हजारांत औषध आलं, पोराची वही आली, बसचं तिकीट आलं. तो बाहेर जेवणार कशाच्या जोरावर?

तरी तो बाहेर खातो. कारण बाहेर खाणं दोन तऱ्हेचं असतं. एक जिभेचं, एक नाइलाजाचं. एका खोलीत सात-आठ गडी राहतो आम्ही. चूल नाही, बाई नाही. उभ्यानं वडापाव गिळायचा, वर चहा ओतायचा आणि परत पोत्याखाली जायचं. याला चैन म्हणणाऱ्यानं एक पाळी माझ्यासंगं करावी.

गिरण्या चालू होत्या तेव्हा मुंबईचा एकटा कामगार खानावळीत जेवायचा. तिथं भाकऱ्या थापणाऱ्या बायांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं. तोवर त्यांना कामगार कुणी म्हटलंच नव्हतं.

आणि तुमच्या सोलापुरात? १९४८ च्या कारखाना कायद्यानं अडीचशेच्या वर कामगार असतील तिथं कँटीन ठेवायला लावलं. पण बिडी वळणाऱ्या आईचा कारखाना म्हणजे तिचीच खोली. आचारी तीच, वाढपी तीच, शेवटी उरलंसुरलं खाणारीही तीच. तिची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आज हॉटेलच्या ताटात दिसते. ती स्वतः त्या टेबलाशी दिसत नाही.

त्या टेबलाशी बसणं आपल्याला सुखासुखी मिळालेलं नाही. आपल्या म्हाताऱ्यांची कपबशी वेगळी असायची, पिऊन स्वतःच विसळून ठेवायची. घटनेच्या १५ व्या कलमानं हॉटेलचं दार उघडलं. १९५५ च्या कायद्यानं तिथलं भांडं नाकारणं गुन्हा ठरवला. आता दारावर दरपत्रक लागलंय. ते जात विचारत नाही, खरं. पण कुणाच्या खिशात किती असावेत हे जातीनं आधीच ठरवून ठेवलंय!

म्हणून मी काटकसरीचं कीर्तन करणार नाही. पोराच्या वाढदिवसाला हॉटेलात जा. ताठ बसा, पोटभर खा. माझं म्हणणं वेगळं आहे. जिथं काम, तिथं परवडणारं शिजलेलं अन्न पाहिजे. होत नाही असं नाही. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर दिली गेली. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू झालं : दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. शहरात थाळीला पन्नास धरले, चाळीस सरकारनं भरायचे. पण मेहेरबानीची चूल टिकत नाही. सरकार बदललं आणि झुणका-भाकर केंद्रं बंद पडली.

म्हणून मेहेरबानी नको, हक्क पाहिजे. उद्यापासून एक करा. रोज बाहेर किती पैसे खाण्यावर गेले ते वहीत लिहा. टपरीचा चहासुद्धा लिहा. महिन्यानं बेरीज मारा आणि मजुरीचा दर ठरवायला बसाल तेव्हा ती वही मालकापुढं टाका. म्हणा, पोतं तुझं, पाठ माझी. पाठीला लागणाऱ्या भाकरीचे पैसे मजुरीत वेगळे धर.