डाग धुण्याआधी

धाकट्याचं अंगावरचं दूध सुटून वर्षं उलटलेली असतात आणि एक दिवस ब्लाउजवर ओला डाग दिसतो. पुष्कळ बायका तो गुपचूप धुऊन टाकतात. जागा अवघड, सांगणार कुणाला? आणि मनात पहिला शब्द येतो तो कॅन्सर. तर आधी ऐका: स्तनाच्या बोंडातून येणाऱ्या अशा स्रावामागे बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. पण डाग धुण्याआधी नीट बघा. आपोआप आला की दाबल्यावर? एका बाजूने की दोन्ही? रंग कोणता?

दाबल्यावर दोन्हीकडून, बऱ्याच छिद्रांतून येणारा पिवळसर किंवा हिरवट थेंब सहसा निरुपद्रवी. मात्र ‘अजून येतोय का’ म्हणून रोज दाबू नका; दाबल्यानेच तो येत राहतो.

दिवस गेलेले नसताना दोन्हीकडून दूधच येत असेल, तर प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेलं असू शकतं. थायरॉइड कमी पडल्याने किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीत छोटी गाठ झाल्याने ते वाढतं. पण एक कारण आपल्या घरातच असतं: पित्ताची कॅप्सूल! आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत तिच्यात अनेकदा डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं आणि ही दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. शेजारणीने सुचवली, दुकानातून आणली, महिनोन्महिने चालू. मग दूध येतं, पाळीही लांबते. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही असं होतं. ती मात्र परस्पर बंद करायची नाहीत.

आपोआप, एकाच स्तनाच्या एकाच छिद्रातून रक्ताळलेला किंवा पाण्यासारखा स्राव आला, तर तपासणी हवीच. त्यातही नेहमीचं कारण म्हणजे दूधनलिकेतली मशासारखी साधी वाढ. पण ते सोनोग्राफी, चाळिशीपुढे मॅमोग्राफी केल्यावर ठरवायचं. गाठ लागली, बोंड नव्याने आत ओढलं गेलं किंवा एकाच बोंडावरचा इसबासारखा चट्टा बरा होईना, तरी तपासणी हवीच. मलमं बदलत बसू नका.

तपासून घ्यायचा संकोच वाटत असेल, तर हे ऐका: मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्या वस्त्यांपैकी निम्म्या भागांत दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी झाली. तिथे पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. तेव्हा तुम्हालाही तपासायला बाईच हवी असेल, तर दवाखान्यात तसं स्पष्ट सांगा.